सुट्टीत येणारे दादा आणि ताई

मे महिना लागला, की आमच्या गावी एस.टी.तून तीन-चार तरुण मुले-मुली उतरतात. पाठीवर पिशवी, पायांत बूट, डोक्याला रुमाल. पारावर बसलेली माणसे विचारतात, "कुणाकडचे पाहुणे?" ती म्हणतात, "अभ्यासवर्गाला आलोय. सुट्टीपुरते."

पहिल्या वर्षी ही मुले परत गेली, तेव्हा पारावरचे एक आबा आम्हांला म्हणाले, "गुरुजी, शहरातली पोरं आली, गाणी म्हणाली, आन् गेली. आपल्या पोरांच्या पदरात काय पडलं? भाकरी तर आपल्याच बायांनी थापल्या."

प्रश्न रोखठोक होता. आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण तोच प्रश्न आमच्याही मनात होता. आता आम्ही असे तीन उन्हाळे पाहिले आहेत. जे पाहिले ते येथे सांगतो. त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे. तीही सांगावी लागेल.

आधी अभ्यासवर्ग म्हणजे काय ते पाहू. आमचे गाव बीड जिल्ह्यातले, डोंगरपट्ट्यातले. जमीन हलकी, पाऊस थोडा. शाळा संध्याकाळी सुटते. मूल घरी येते. आई-बाप रानात असतात. घरी अभ्यास कोण घेणार? मोठी बहीण असली तर ती चुलीपाशी असते. म्हणून एका संस्थेने गावात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. सहा ते आठ. गावातलीच एक सून बारावी शिकलेली आहे. ती वर्ग चालवते. मुले तिला बाई म्हणतात. संस्था तिला थोडे मानधन देते. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्हीही तेथे जाऊन बसू लागलो.

शाळेला सुट्टी लागली, की हाच वर्ग सकाळी भरतो. सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात ऊन फार, म्हणून तिकडे शाळा आणखी थोड्या उशिरा उघडतात. तुम्ही म्हणाल, सुट्टीत कशाला अभ्यास? पोरांना खेळू द्या की! खरे आहे. पण आमच्या भागाची गोष्ट वेगळी आहे. ती नीट समजून घ्या.

आमच्याकडची पुष्कळ घरे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुले बरोबर जातात. कारखान्याच्या फडावर कोपी बांधायची आणि पाडव्याच्या आगेमागे परत यायचे. म्हणजे शाळा भरते, तेव्हा मूल फडावर. आणि मूल गावात येते, तेव्हा शाळा बंद होण्याच्या बेतात. काही गावांत सरकारी हंगामी वसतिगृह असते. तेथे मुले मागे राहू शकतात. पण धाकट्याला सांभाळायला कोणी हवे असते. मग मोठी मुलगी जातेच. अशा मुलांना सुट्टीचा वर्ग हाच खरा वर्ग. एरवी त्यांच्या वाट्याला शाळा येते ती अर्धीच.

आता हे दादा-ताई कोण?

ही कॉलेजात शिकणारी मुले असतात. त्यांना इंटर्न म्हणतात. शब्द नवा आहे, पण चाल जुनी आहे. पूर्वी सुताराच्या हाताखाली पोरगा राहायचा. रंधा धरायला शिकायचा. त्याला आपण म्हणायचो, तो उमेदवारी करतो आहे. निवडणुकीचा उमेदवार नव्हे! काम शिकणारा उमेदवार. डॉक्टर होणारा मुलगा परीक्षा झाल्यावर एक वर्ष दवाखान्यात असेच काम करतो. शिक्षक होणारे शाळेत जाऊन शिकवून पाहतात. तसेच हे. परीक्षा संपली, हाती पाच-सहा आठवडे आहेत, तर एखाद्या संस्थेत जाऊन काम करायचे.

कॉलेजच्या मुलांनी गावात जाऊन काम करावे, हा विचारही जुना आहे. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीत 'राष्ट्रीय सेवा योजना' सुरू झाली. तेव्हा देशातल्या ३७ विद्यापीठांतले ४०,००० विद्यार्थी तीत होते. आजही या योजनेतल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. सात दिवसांचे शिबिरही असते. रस्ता झाडणे, बंधारा घालणे, झाडे लावणे अशी कामे ती मुले करतात. तुमच्याही गावात कधी आली असतील. २०२० साली देशाचे नवे शैक्षणिक धोरण आले. त्यानंतर पुष्कळ कॉलेजांत अशा कामाला गुण मिळू लागले. त्यामुळे येणाऱ्यांत दोन्ही प्रकार असतात. कोणी मनापासून येतो. कोणी कागदावर शिक्का हवा म्हणून येतो. पहिल्या दोन दिवसांत कळते कोण कसा ते. शिक्क्यासाठी आलेला एक मुलगा पुढे सर्वांत जास्त रमला, हेही सांगितले पाहिजे.

पहिला उन्हाळा आमचा वाया गेला. चौघे आले होते. मुले हुशार, आमच्याहून जास्त शिकलेली. आम्ही मॅट्रिक, ती पदवीच्या वर्गातली. आम्ही त्यांना म्हणालो, "तुम्हांला जे येतं ते शिकवा." त्यांनी शिकवले. गाणी झाली. कागदाच्या होड्या झाल्या. समाजमंदिराची भिंत रंगवली. भिंतीवर डोंगर काढला, सूर्य काढला, आणि एक हत्ती काढला. आमच्या भागात हत्ती कोणी पाहिलेला नाही, पण हत्ती छान होता. शेवटच्या दिवशी कार्यक्रम झाला. फोटो निघाले. मुले रडली, दादा-ताई रडले, आम्हांलाही भरून आले.

जूनमध्ये शाळा उघडली. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला तेव्हाही वाचता येत नव्हते.

यात त्या मुलांचा दोष नव्हता. सुताराने उमेदवाराला नुसते सांगितले, "तुला येतं ते कर," तर तो काय करील? लाकूड फुकट घालवील. काम नेमून द्यायचे आम्ही विसरलो होतो. आबांनी तो प्रश्न विचारला, तो याच वेळी.

दुसऱ्या वर्षी आमच्या बाईंनीच बेत ठरवला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, यंदा गाणी म्हणू, पण शेवटच्या अर्ध्या तासात. आधी प्रत्येक पोराला काय येतं ते बघू."

यासाठी एक सोपा कागद मिळतो. 'प्रथम' नावाची संस्था आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९५ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले. तिच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशभर खेड्यांत एक पाहणी होते. तिला 'असर' म्हणतात. माणसे घरोघरी जातात. मुलाला जवळ बसवून एक कागद वाचायला देतात. कागदावर चार गोष्टी असतात. सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पुस्तकासारखा चार ओळींचा उतारा, आणि दुसरीच्या पुस्तकासारखी छोटी गोष्ट. आधी उतारा द्यायचा. तो वाचला तर गोष्ट द्यायची. अडला तर शब्द द्यायचे. तेथेही अडला तर अक्षरे. पाच मिनिटांत कळते, मूल कोणत्या पायरीवर उभे आहे. या कामाला ना यंत्र लागते, ना मोठी पदवी.

२०२४ च्या पाहणीचा आकडा ऐका. देशातल्या खेड्यांत पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४९ मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. बाकीची ५१ मुले पाचवीत होती खरी, पण दुसरीचे वाचू शकत नव्हती.

आम्हांला वाटे, हे दुसरीकडचे असेल. आमच्या शाळेत असे नाही.

त्या वर्षी आलेली एक ताई कडुनिंबाखाली पोत्यावर बसली. एकेक मूल तिच्यापुढे येई. एक मुलगी आली. पाचवी झालेली. पहिली ते तिसरी आमच्याच हाताखाली शिकलेली. तिची वही ताईने उघडली आणि म्हणाली, "अगं, किती सुंदर अक्षर आहे तुझं!" खरेच मोत्यासारखे होते. पानभर लिहिलेले, एक खाडाखोड नाही. ताई म्हणाली, "वाचून दाखव ना."

मुलगी गप्प.

ताईने पहिल्या शब्दावर बोट ठेवले. मुलीने बोटाकडे पाहिले. मग जमिनीकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले.

तिने ते पान फळ्यावरून उतरवले होते. बाया रांगोळीचे ठिपके जोडतात, तशी ती अक्षरे काढत होती. चित्र म्हणून. त्यांतून काही बोलले जाते, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. कोणी म्हणजे कोण? आम्हीच की! तिच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकावर आमच्या हाताचा शेरा होता. "अक्षर सुंदर. अभ्यासात चांगली." खाली आमची सही. ती दरवर्षी दिवाळीनंतर फडावर जाई आणि पाडव्याला परत येई. हजेरीत फुल्या पडत. वही मात्र नेटकी असे. आम्ही वही पाहिली. मुलीला कधी जवळ घेऊन वाचायला लावले नाही.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पस्तीस वर्षे नोकरी झाली. अशी आणखी किती मुले आमच्या सहीने पुढे गेली असतील?

तुम्ही नव्याने वाचायला शिकला आहात. तुम्हांला ही गोष्ट आमच्यापेक्षा लवकर समजेल. तुमच्यातले पुष्कळजण आधी नुसती सही शिकले होते. सही गिरवून गिरवून हाताला वळण लागले. मुकादमाने कागद पुढे केला, की सही करता येई. पण वर काय लिहिले आहे? किती उचल, किती व्याज? ते कळत नसे. त्या मुलीचे तसेच होते. तिला तर अख्खे पान सहीसारखे काढता येत होते.

मग काम सुरू झाले. इयत्ता बाजूला ठेवली. ज्याला जे येते, त्यावरून तीन गट केले. एक गट अक्षरांचा, एक शब्दांचा, एक गोष्टीचा. पाचवीचा मुलगा आणि दुसरीचा मुलगा एका गटात आले. मोठ्यांना लाज वाटू लागली. एकजण तर दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तेव्हा बाईंनी गटांना झाडांची नावे दिली. कडुनिंबाखालचा गट, चिंचेखालचा गट, शाळेच्या ओट्यावरचा गट. कच्चा आणि पक्का हे शब्द बंद केले. मोठ्या मुलांना माठ भरण्याचे आणि सतरंज्या घालण्याचे काम दिले. मान मिळाला तशी ती टिकली. सकाळी साडेसातला वर्ग भरायचा, साडेनऊला सुटायचा. त्यानंतर आमच्याकडे ऊन अंगावर घेववत नाही.

ताईने बाराखडी पहिल्या ओळीपासून घोकून घेतली नाही. तिने मुलांना विचारले, "तुमच्या रोजच्या वस्तू सांगा." मुले म्हणाली, "ऊस. कोयता. बैल. मोळी. कोपी." तिने जुन्या दिनदर्शिकेचे कागद कापले. पाठीमागे एकेक शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला. एक पोरगा म्हणाला, "ताई, कोपी पण लिहितात व्हय?" त्याला वाटत होते, पुस्तकात फक्त कमळ आणि गणपतीच लिहितात. त्या दिवशी तो तो कागद घरी घेऊन गेला आणि कुडाला खोचून ठेवला.

हिशेबही तसाच. दहा काड्यांची एक मोळी बांधायची. तीन मोळ्या आणि चार सुट्या काड्या, म्हणजे चौतीस. फडावरच्या मुलांना हे सांगावेही लागले नाही. त्यांनीच दादाला गाठ कशी मारायची ते दाखवले.

दादाची एक चूक झाली. तीही सांगण्यासारखी आहे. एक मुलगा वाचत होता. कागदावर होते 'पाणी'. तो म्हणाला, "पानी." दादा म्हणाला, "पानी नाही, पाणी." मुलगा पुन्हा म्हणाला, "पानी." दादाने पाचदा दुरुस्त केले. मुलगा गप्प झाला. दोन दिवस त्याने तोंड उघडले नाही. खरे म्हणजे त्याने बरोबर वाचले होते. अक्षरे ओळखली होती, अर्थही ओळखला होता. फक्त घरी बोलतात तसे बोलला होता. आमच्या वेळी आम्हीही असेच दुरुस्त करीत होतो, छडी हातात घेऊन. दादाला बाईंनी बाजूला घेऊन सांगितले, "आधी त्याला वाचू द्या. पाणी पुढं होईल." दादा शहाणा. त्याने त्या मुलाला विचारले, "तुमच्याकडे विहिरीतून पानी कसं काढतात ते सांग." मुलगा सांगत गेला, दादा लिहीत गेला. मग तोच मजकूर मुलाने वाचला. स्वतःचेच बोलणे कागदावर पाहून तो हसला.

सहा आठवड्यांत काय झाले? ती मोत्यासारख्या अक्षराची मुलगी शब्द वाचू लागली. चार ओळींचा उतारा अडखळत वाचू लागली. गोष्ट काही वाचता आली नाही. सहा आठवड्यांत जादू होत नाही. पण तिचे अक्षर मात्र थोडे बिघडले. आता ती वाचत वाचत लिहीत होती ना! ते बिघडलेले अक्षर पाहून आम्हांला जो आनंद झाला, तो कसा सांगावा.

अशा थोड्या शिकवणीने खरेच फरक पडतो का, हे मोठ्या विद्वानांनीही तपासले आहे. उत्तर प्रदेशात जौनपूर नावाचा जिल्हा आहे. तेथे २००५-०६ साली 'प्रथम'ने खेड्यांत वाचनाचे वर्ग घेतले. शिकवणारे शिक्षक नव्हते. त्या त्या गावातलेच तरुण होते. त्यांना थोडे दिवस शिकवून तयार केले होते. वर्ग शाळेच्या वेळेबाहेर भरे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याची तपासणी केली. या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तिसऱ्या एका विद्वानाबरोबर. त्यांना काय दिसले? जी मुले वर्गाला आली, त्यांचे वाचन चांगलेच सुधारले. पण आली किती? गावातल्या १०० मुलांपैकी साधारण आठच. ज्यांना अक्षरही येत नव्हते, त्यांच्यातलीही बहुतेक मुले आलीच नाहीत.

म्हणजे औषध चांगले होते, पण रोगी दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

आमच्याकडेही तेच निघाले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, आलेल्या एका मुलीने तिसऱ्याच दिवशी विचारले, "गुरुजी, गावाबाहेर वस्ती आहे. तिथलं एकही मूल वर्गात दिसत नाही. का?" आम्ही इतकी वर्षे येथे राहतो. आम्हांला ते न दिसण्याची सवय झाली होती. वर्ग तेव्हा देवळाच्या मंडपात भरत होता. ऊन वाढले, म्हणून झाडाखालून तेथे नेला होता. वस्तीवरची मुले देवळाच्या पायरीपाशी येऊन उभी राहत आणि परत जात. कोणी "येऊ नका" म्हटले नव्हते. पण कोणी "या" असेही म्हटले नव्हते. त्यांच्या आई-बापांना जुने अनुभव होते.

त्या मुलीने आणि बाईंनी मिळून वस्तीवर फेरी मारली. घरोघरी बसल्या, चहा घेतला. वर्ग शाळेच्या ओट्यावर हलवला. ओटा सरकारी, सगळ्यांचा. चौथ्या दिवशी दोन मुले आली. मग सात झाली. देवळाच्या मंडपात सावली जास्त होती, हे खरे. दोघा-तिघा आयांनी "ओट्यावर ऊन लागतं" म्हणून मुले पाठवणे बंद केले. ऊन किती लागत होते आणि दुसरे काय लागत होते, ते गावाला माहीत आहे. आठवड्याने त्यांतलीही बरीच परत आली.

बाहेरून आलेल्या माणसाचा हा एक उपयोग. आपल्या डोळ्यांना सवयीने न दिसणारे त्याला दिसते. पण तो उठून जाणार असतो, आणि राहायचे आपल्याला असते. म्हणून वस्तीवर ती मुलगी एकटी गेली नाही, बाई बरोबर होत्या, हे बरे झाले.

जाण्याचीच गोष्ट काढली, तर ऐका. पहिल्या वर्षी जाताना एका दादाने एका लहानग्याला सांगितले होते, "दिवाळीत येईन हं." तो मनापासून म्हणाला असेल. दिवाळी आली. तो पोरगा तीन दिवस एस.टी. थांब्यावर जाऊन बसला. चौथ्या दिवशी त्याची टोळी फडावर निघाली. ट्रकमध्ये बसतानाही तो रस्त्याकडे पाहत होता. त्या दादाला आम्ही पत्र लिहिले नाही. लिहायला हवे होते.

आता आम्ही पहिल्याच दिवशी मुलांसमोर फळ्यावर तारीख लिहितो. अमुक तारखेला ताई जाणार. रोज एक दिवस पुसायचा. परत येण्याचे वचन कोणी द्यायचे नाही. मुलांना हे समजते. आई-बाप फडावर जातात-येतात, त्यामुळे जाण्या-येण्याची त्यांना आपल्याहून जास्त सवय आहे. फसवणूक मात्र त्यांना सोसत नाही.

आणखी काही गोष्टी पाळतो. तुमच्या गावात असे कोणी येणार असेल, तर तुम्हीही विचारा. मुलगा किंवा मुलगी कोणत्या कॉलेजची, संस्थेचे पत्र आहे का, हे सरपंचांनी आणि आई-बापांनी पाहावे. वर्ग उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भरावा. गावातले एक जाणते माणूस वर्गात असावेच. मुलाला एकट्याला कोणी खोलीत नेऊ नये, खाऊ देऊन बाहेर नेऊ नये. विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत. हे विचारणे म्हणजे पाहुण्याचा अपमान नव्हे. चांगली मुले उलट बरे म्हणतात. मूल घाबरलेले दिसले, काही सांगू लागले, तर ते ऐकून घ्या. १०९८ हा फोन नंबर मुलांच्या मदतीसाठी आहे. त्याला पैसे पडत नाहीत. हा नंबर आम्ही ओट्याच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे, हत्तीपेक्षा मोठ्या आकड्यांत.

आता आबांच्या भाकरीचा प्रश्न. तो खोटा नव्हता. चार माणसांची दोन वेळची भाकरी म्हणजे कोणाच्या तरी मानेवर ओझे. आणि ते ओझे बायांवरच पडते. पुरुष नुसते "या, जेवायला या" म्हणून मोकळे! दुसऱ्या वर्षापासून संस्था धान्य आणि तेल देते. जेवण घरोघर पाळीने. वस्तीवरच्या घरांचीही पाळी असते. दादा-ताईंनी आपले ताट आपण घासायचे आणि पाणी आपण भरायचे. एका दादाला भाकरी थापायला शिकवली. पहिली भाकरी त्याने अशी काही थापली, की आमच्या घरच्या मंडळींना हसू आवरेना. शेवटच्या आठवड्यात मात्र नीट टम्म फुगली.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे एक वही. साधी, दोनशे पानी. प्रत्येक मुलाला त्यात एक पान आहे. कोणत्या दिवशी कोणत्या पायरीवर होता, कशात अडतो, कशाने हसतो, हे दादा-ताई रोज लिहितात. 'पाणीवाला मुलगा' असेही एका पानावर लिहिलेले आहे. जाताना ही वही बाईंच्या हाती द्यायची. पहिल्या वर्षी भिंत रंगून राहिली, दुसऱ्या वर्षी वही राहिली. जूनमध्ये बाईंनी ती उघडली आणि जेथे ताईने सोडले होते, तेथून पुढे धरले. शाळेतल्या नव्या गुरुजींनाही दाखवली. त्यांनी ती दोन दिवस घरी नेऊन वाचली.

आणि घरी? त्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीची आई आपल्याच साक्षरता वर्गात येते. दोघी मायलेकी एका दिव्याखाली एकच पान वाचतात. मुलगी अडली की आई थांबते, आई अडली की मुलगी सांगते. आईला शिकवता येत नाही, पण ऐकता येते. रोज पंधरा मिनिटे कोणी नुसते शेजारी बसून ऐकले, तरी मूल वाचत राहते. आम्ही हे इतक्या वर्षांत कोणत्याही आई-बापाला सांगितले नव्हते. आम्ही सांगत होतो, "अभ्यास करून घ्या." न शिकलेला माणूस अभ्यास काय करून घेणार? "ऐका" म्हणालो असतो, तर किती जणांनी ऐकले असते.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची टोळी निघाली. आईने पत्र्याच्या पेटीत तवा, परात आणि कपडे भरले. मुलीने वर शब्दांच्या कागदांचा गठ्ठा आणि दोन गोष्टींची पुस्तके ठेवली. पाडव्याला परत आली, तेव्हा कागद उसाच्या पाचटासारखे मळलेले होते. तिला पुन्हा कडुनिंबाखाली बसवले आणि गोष्ट वाचायला दिली. दोन ठिकाणी अडली. बाकी वाचली.

यंदा तिघे येणार आहेत. दोन मुली, एक मुलगा. संस्थेचे पत्र आले आहे. वही तयार आहे, माठ नवा घेतला आहे. ओट्यावर सावलीसाठी उसाच्या पाचटाचा मांडव घालायचा आहे, त्याला चार बांबू कमी पडतात. पहिल्या आठवड्याची भाकरी कोणाकडे, ते सोमवारी पारावर बसून ठरवू. आबांनी आपले घर पहिल्या दिवसासाठी सांगितले आहे.